ओव्हरटाइमचा दुसरा आठवडा

संगणकाच्या पुस्तकांना आयुष्य फार नसतं. भाषेची नवी आवृत्ती आली की ती आधी कपाटाच्या वरच्या फळीवर जातात आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे. प्रोग्रॅमर केंट बेकचं ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्सप्लेन्ड’ १९९९च्या ऑक्टोबरात आलं आणि ते अजून फळीवरून खाली काढून वाचावंसं वाटतं, कारण त्यात संगणक फारसा नाहीच. कोडच्या ओळी जवळजवळ नाहीत. आहेत ती माणसं: कोणी कुठे बसायचं, कोणी कोणाला काय सांगायचं, घरी कधी जायचं, आणि वरिष्ठाने अशक्य तारीख मागितली की तोंड उघडायचं की गप्प राहायचं. सॉफ्टवेअर करण्याची पद्धत निवडतानाच ते करणाऱ्यांना कसं वागवायचं हेही आपण ठरवून टाकतो, ही गोष्ट इतकी उघड आणि इतक्या बारकाव्यांनिशी मांडणारी पुस्तकं थोडी. या पुस्तकातली चव त्या बारकाव्यांत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी प्रणाली करायला घेतली होती. मार्च १९९६मध्ये बेक तिथे आला तेव्हा काही वर्षं खर्ची पडली होती आणि पगाराचा एकही चेक छापून निघाला नव्हता. बेकने रॉन जेफ्रीज या प्रोग्रॅमरला हाताशी घेऊन काम नव्याने मांडलं. १९९७मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार त्या प्रणालीतून निघू लागले. तिथे जे जमलं आणि जे अंगावर आलं त्यातून ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत घडली, आणि पद्धतीतून पुस्तक. पुढे फेब्रुवारी २००१मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर करण्याच्या चपळ, म्हणजे ‘अ‍ॅजाइल’ पद्धतींचा जाहीरनामा लिहिला. त्या सतरांत बेक होता. आज पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही ऑफिसात रोज सकाळी उभ्याने जी मीटिंग होते तिचं कूळ शोधत गेलं तर वाट इकडूनही जाते.

बेकची शैली साधी, बोलकी आणि किंचित धसमुसळी आहे. वाक्यं आखूड. प्रथमपुरुषी एकवचन वापरायला तो लाजत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याची आई त्याला गाडी चालवायला शिकवते. पोरगं सरळ रस्त्याकडे बघत चाकं बरोबर ठेवतं, मग नजर भरकटते, गाडी कडेच्या खडीवर उतरते. आई स्टिअरिंग सावरते आणि सांगते की एकदा दिशा धरली की झालं असं नसतं, सतत लक्ष ठेवून थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहावं लागतं. रूपक म्हणून यात फार नवल नाही. मला त्यात आवडते ती आईची जागा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत एरवी सेनापती, जहाजांचे कप्तान आणि क्रिकेटचे कर्णधार असतात. इथे शेजारच्या सीटवर बसलेली, वेळेवर हात पुढे करणारी आणि न ओरडणारी बाई आहे. सगळ्या पुस्तकाचा स्वभाव त्या शेजारच्या सीटवरून ठरतो. दोघांनी एका संगणकापुढे बसून कोड लिहायचा हा या पद्धतीतला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात टर उडवलेला नियमही त्याच स्वभावाचा.

मग येतात मूल्यं. संवाद, साधेपणा, प्रतिसाद आणि धैर्य अशी चार. इथे सावध वाचक जांभई देईल, कारण असे शब्द कुठल्याही कंपनीच्या स्वागतकक्षात काचेवर चिकटवलेले असतात. बेकला हे माहीत असावं. मूल्यांवर तो रेंगाळत नाही, त्यांना लगेच बारा रोजच्या सवयींना बांधून टाकतो. संवाद हवा म्हणजे ग्राहकाचा माणूस टीमच्या खोलीत बसला पाहिजे. साधेपणा हवा म्हणजे उद्या कदाचित लागेल म्हणून आज काही लिहायचं नाही. धैर्य हवं, पण ते हवेतून येत नाही. प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्या असल्या की जुना, गुंतागुंतीचा कोड फेकून द्यायची हिंमत होते. मूल्याला खुर्ची, टेबल आणि तास मिळाला तरच ते मूल्य, एरवी भिंतीवरचं पोस्टर, असा या मांडणीचा सूर आहे.

या बारांतली एक सवय जरा जवळून वाचू. नाव ‘चाळीस तासांचा आठवडा’. प्रकरण असं नाही, दीडएक पानाचा मजकूर. बेक म्हणतो, सकाळी माणूस ताजा आणि उत्सुक असावा, रात्री थकलेला पण समाधानी. पुढे तो लगेच पाय मागे घेतो: चाळीस हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, एखाद्याला पस्तीस झेपतील, एखाद्याला पंचेचाळीस, पण साठ तास आठवड्यांमागून आठवडे भरून कोणी ताजं राहत नाही. इथपर्यंत हा एका समंजस माणसाचा सल्ला आहे. मग तो नियम सांगतो आणि मजकुराची जात बदलते. एक आठवडा ओव्हरटाइम चालेल. लागोपाठ दुसरा चालणार नाही. दुसऱ्या आठवड्यालाही जादा तास लागत असतील तर दुखणं दुसरीकडे आहे, ते तास वाढवून बरं होणार नाही.

या नियमाचं मोल समजायला एखाद्या प्रोजेक्टचा शेवटचा महिना पाहिलेला असावा लागतो. पहिल्या आठवड्यात सगळे जोशात थांबतात. पिझ्झा येतो, मॅनेजर स्वतः थांबतो, रात्रीच्या कॅबची सोय होते. दुसऱ्या आठवड्यात थांबणं हा जोश राहत नाही, रिवाज होतो. तिसऱ्या आठवड्यात सात वाजता बॅग उचलणाऱ्याकडे लोक मान वर करून बघतात. कोणी कोणाला काही बोललेलं नसतं, आदेश निघालेला नसतो. बेकने नेमकं पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या मधे बोट ठेवलं आहे, जिथे स्वेच्छा संपून वेठ सुरू होते. शिवाय त्याने हा नियम दयेपोटी केलेला नाही. ओव्हरटाइम हे लक्षण आहे, योजना चुकल्याचा पुरावा आहे, म्हणून तो झाकला जाता कामा नये, असं त्याचं म्हणणं. थकलेल्या माणसाच्या पाठीवर हात फिरवण्यापेक्षा हे मला जास्त सभ्य वाटतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं आणि घराघरांत वाद झाला. त्या वादात देशप्रेम, चीन, जपान, जर्मनी सगळं निघालं. जादा तास म्हणजे कोणाच्या तरी चुकलेल्या अंदाजाची भरपाई असते, हा साधा मुद्दा फार कमी ऐकू आला.

अंदाजावरून आठवलं. पुस्तकात खर्च, वेळ, गुणवत्ता आणि व्याप्ती अशा चार चलांची चर्चा आहे. मालकाने यातली कुठलीही तीन ठरवावीत, चौथं टीम सांगेल. चारही ठरवून दिली तर काय होतं? बहुतेक ठिकाणी गुणवत्ता मुकाट्याने बळी जाते, कारण ती लगेच दिसत नाही. इथे बेक एक विधान करतो जे अर्थशास्त्रासारखं सुरू होऊन माणसाच्या स्वभावावर येऊन थांबतं: गुणवत्ता हे कमीजास्त करायचं बटणच नव्हे, कारण वाईट काम करायला कोणालाच आवडत नाही. माणसाला मुद्दाम निकृष्ट काम करायला लावलं तर चार दिवस वेळ वाचतो, मग त्याचं मन उठतं. ‘आत्ता कसंही कर, नंतर नीट करू’ हे वाक्य ज्याने ऐकलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नंतर कधी येत नाही आणि त्या फाइलवर नाव आपलं असतं.

आता हा प्रसंग बघा. कंपनी कोणतीही धरा. सोमवारची मीटिंग, भिंतीवर एक्सेलची शीट. क्लायंटला तारीख आधीच गेलेली आहे. ‘दिवस’ या रकान्यात टीममधल्या एका मुलीने बारा लिहिले आहेत. मॅनेजर कर्सर त्या बारावर नेऊन थांबतो. “बारा कशाला गं? आठ टाकू या, काय?” तिची नजर शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याची लॅपटॉपमध्ये. “टाका सर.” आठ टाकले जातात आणि त्या क्षणापासून ते आठ दिवस तिचा शब्द ठरतात. पुढच्या मंगळवारी काम अपुरं असेल तर “तूच तर आठ म्हणाली होतीस” हे वाक्य तयार असतं.

बेकच्या पद्धतीत हे घडायला जागा ठेवलेली नाही. काय हवं आणि आधी काय हवं हे ग्राहक ठरवणार, पण किती वेळ लागेल हे काम करणाराच सांगणार. २०००मध्ये मार्टिन फाउलरसोबत लिहिलेल्या ‘प्लॅनिंग एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात तर तो सुरुवातीलाच भीतीवर एक प्रकरण घालतो: ग्राहकाला कशाची भीती वाटते, प्रोग्रॅमरला कशाची. आणि त्यावर उतारा म्हणून दोघांच्या हक्कांची सनद. प्रोग्रॅमरच्या हक्कांत स्वतःचा अंदाज स्वतः देणं आणि नवं काही कळलं की तो बदलणं हेही येतं. मदत मागणं आणि ती मिळणं हाही हक्क आहे. शेवटचा हक्क मला सगळ्यात मोठा वाटतो: जबाबदारी आपण होऊन घेता येईल, ती लादली जाणार नाही. मूळ पुस्तकाचंही हे तत्त्वच आहे, जबाबदारी स्वीकारता येते, सोपवता येत नाही. आपल्या सगळ्या टिकेटिंग सिस्टिम ‘असाइन’ या बटणावर चालतात. त्या बटणाने काम सोपवलं जातं, जबाबदारी त्यासोबत जातेच असं नाही. वरच्या प्रसंगातली “टाका सर” म्हणणारी मुलगी मनातून अजून बारावरच आहे.

२००४च्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली, सिंथिया अँड्रेससोबत लिहिलेली. तिला आवृत्ती म्हणणं नाममात्र. पुस्तक मुळापासून नव्याने लिहिलंय. बारा सवयींच्या जागी तेरा मुख्य आणि अकरा पूरक. पहिल्या आवृत्तीत आदर हे मूल्य चारांच्या तळाशी दडलेलं म्हणून ओझरतं येऊन गेलं होतं, इथे त्याला पाचवं मूल्य म्हणून जागा मिळाली. धैर्याला इथे लगामही लावलाय: बाकीच्या मूल्यांशिवाय नुसतं धैर्य घातक. आणि तत्त्वांच्या यादीत पहिलं नाव आलं माणुसकीचं. माणसाला कामावर काय लागतं? सुरक्षितता, काही करून दाखवल्याचं समाधान, आपण कुठल्या तरी गटाचे आहोत ही भावना, वाढ, आणि कोणीतरी आपल्याला खोलवर समजून घेणं.

बेक इथेही तत्त्वावर न थांबता थेट शरीरापर्यंत येतो, म्हणून दुसरी आवृत्ती वाचनीय होते. दोन माणसं दिवसभर खेटून बसणार तर? खोकताना तोंडावर हात धरा. आजारी असाल तर येऊ नका. उग्र वासाचं परफ्यूम लावू नका. कोणाला किती अंतर हवं ते माणसागणिक आणि संस्कृतीगणिक बदलतं, ते ओळखा. एकत्र चांगलं काम केल्याचा आनंद कधी कधी भलत्या ओढीत मिसळतो, तो ऑफिसात त्या वाटेने नेऊ नका. आणि एखाद्यासोबत बसणं असुरक्षित वाटत असेल तर विश्वासाच्या माणसाशी बोला. खोलीत प्यायला पाणी आणि काही खायला असावं, जागा स्वच्छ असावी आणि एकटं बसायला एखादा कोपराही असावा. सॉफ्टवेअरच्या पुस्तकात घाम, खोकला आणि संकोच यांना पान मिळणं ही लहान गोष्ट नाही. प्रोग्रॅमरला ‘रिसोर्स’ म्हणणाऱ्या व्यवसायात तर नाहीच.

याच आवृत्तीतलं परस्परहिताचं तत्त्व माझ्या मते बेकचा सगळ्यात खोल विचार आहे. प्रत्येक गोष्टीत आताचा मी, पुढचा मी आणि समोरचा, तिघांचंही भलं व्हावं. त्याचं उदाहरण ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात: कोडसोबत लिहायची लांबलचक कागदपत्रं. उद्या कधीतरी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आज मी माझं काम मंदावायचं, यात माझा आजचा फायदा काही नाही, म्हणून ती कागदपत्रं नीट लिहिली जात नाहीत. त्याऐवजी चाचण्या लिहाव्या: त्या आज मला चुका दाखवतात आणि उद्या येणाऱ्याला कोड काय करतो ते सांगतात. आपल्या कामाच्या संस्कृतीत नीती म्हटलं की त्याग आठवतो. ‘टीमसाठी थोडं सोसलं पाहिजे’, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’. बेकच्या नीतीत हुतात्म्याला जागा नाही. जी पद्धत कोणाच्या तरी सोसण्यावर उभी आहे ती माणूस वाकला की मोडते, असा तिच्यात रोखठोक हिशेब आहे.

तरी एका बाबतीत मला पहिलीच आवृत्ती उजवी वाटते. दुसरीत ‘चाळीस तासांचा आठवडा’ गेला आणि त्याच्या जागी ‘उत्साहाने काम’ अशा अर्थाची सवय आली. आशय समृद्ध झाला हे खरं: आजारी असाल तर घरी विश्रांती घ्या, दिवसातले सलग दोन तास फोन आणि ईमेल बंद ठेवून काम करा, असे चांगले सल्ले आहेत. पण आकडा गेला. चाळीस या आकड्यावरून भांडता येत होतं, दुसरा आठवडा मोजता येत होता. उत्साह कसा मोजणार? तो नाही म्हणून अप्रेझलमध्ये गुण कापता येतात, तो आहे म्हणून रात्री दहाला कॉल लावता येतो. दुबळ्या बाजूच्या माणसाला आकडा उपयोगी पडतो. भावनेचा अर्थ वरचा माणूस लावतो.

आणि एक उणीव पद्धतीच्या मुळातच होती. क्रायस्लरच्या प्रकल्पात ग्राहकाच्या बाजूने टीमसोबत बसणारी एकच व्यक्ती सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होती. प्रणाली सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्या व्यक्तीने थकवा आणि ताण असह्य होऊन काम सोडलं. तिची जागा भरता आली नाही. फेब्रुवारी २०००मध्ये, म्हणजे पुस्तक बाजारात येऊन चार महिने होतात न होतात तोच, तो प्रकल्पच बंद झाला. प्रोग्रॅमरचे तास इतके जपणाऱ्या पद्धतीने सगळ्यांचं ओझं ज्या एका खुर्चीवर आलं ती खुर्ची मोजली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत सगळी टीम मिळून काम आणि खऱ्या ग्राहकांचा सहभाग या सवयी आल्या, त्या वाचताना हा प्रसंग आठवतो. अमुक पद्धत माणुसकीची आहे असं कोणी म्हटलं की कोणासाठी, हे विचारलं पाहिजे.

दुसऱ्या आवृत्तीत फ्रेडरिक टेलरवर एक प्रकरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यातल्या कामाचं तुकड्यातुकड्यांत मोजमाप करणारा हा अमेरिकन इंजिनियर. विचार करणारे वेगळे, हात चालवणारे वेगळे, तपासणारे आणखी वेगळे ही त्याची वाटणी सॉफ्टवेअरमध्ये आपण न विचारता उचलली, असं बेक म्हणतो. पुण्याच्या हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात काम करणाऱ्याच्या हे प्रकरण मनाला लागेल, कारण आपल्याकडे ही वाटणी समुद्रापलीकडे गेली आहे: आराखडा तिकडे, अंदाज मधे कुठेतरी, हात इकडे. पुस्तकात दूरदेशी चालणाऱ्या कामावरही प्रकरण आहे, पण ते मला तोकडं वाटलं. वेळेच्या फरकामुळे रात्री साडेनऊला होणारी ‘सकाळची’ मीटिंग, तिकडच्या माणसाला ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळणं, हे त्याच्या नजरेतून सुटलंय. सुटणारच, तो दुसऱ्या टोकाला बसलेला आहे.

आज या पद्धतीचं काय झालंय ते सांगायला नको. उभ्याने करायची मीटिंग हजेरी झाली. कामाचा आकार ओळखायला काढलेले पॉइंट माणसांना मोजायला लागले. सवयी उचलल्या आणि मूल्यं फळीवर राहिली. त्यामुळे आज कोणी “आम्ही अ‍ॅजाइल आहोत” म्हटलं तर त्यातून तिथल्या माणसांबद्दल काहीच कळत नाही.

पुस्तक कुठून सुरू करावं? प्रोग्रॅमर असाल तर पहिल्या आवृत्तीतलं चाळीस तासांचं पान आधी काढा. मॅनेजर असाल तर दुसऱ्या आवृत्तीतल्या टेलरच्या प्रकरणापासून सुरुवात करा, मग परस्परहिताकडे या. दोन्हींचा मुख्य मजकूर मिळून चारशे पानं भरत नाहीत. वाचायचं तर ऑफिसच्या वेळेत वाचा, रविवार त्यासाठी खर्चू नका.